पिस्तूल मॅचसाठी घरी शिशाच्या बुलेट ओतणं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी ओहायोत राहतो, बुल्सआय पिस्तूल (कागदी टार्गेटवर नेम मारायचा खेळ) खेळतो आणि गेली काही वर्षं ४५ एसीपी (पॉइंट फोर्टीफाइव्ह पिस्तूलचं काडतूस) च्या बुलेट स्वतःच गॅरेजमध्ये ओततो. मंडळाच्या पॉटलकला कोणीतरी हमखास विचारतं, "काय रे, तू घरी गोळ्या बनवतोस म्हणे?" आणि मग पुढचा अर्धा तास तेच तेच प्रश्न. म्हणून एकदाच लिहून काढतोय. मी काही एक्स्पर्ट नाही, फक्त चुका भरपूर करून झाल्यात.

घरी अख्खं काडतूस बनवता का?

नाही, ते वेगळं काम. काडतुसात चार गोष्टी असतात: पितळी केस, ठिणगी पाडणारा प्रायमर, पावडर आणि पुढचा तुकडा म्हणजे बुलेट. इथे बोलतोय ते फक्त त्या शेवटच्या तुकड्याबद्दल. बाकी भरणं म्हणजे रिलोडिंग, त्याला छापील लोडिंग मॅन्युअल असतं, आणि पावडर किती घालायची ते मला विचारूच नका, मी सांगत नाही. मॅन्युअल घ्या, त्यातलं त्याच बुलेटच्या वजनाचं पान उघडा.

विकत मिळतात ना, मग हा उपद्व्याप कशाला?

आमच्या खेळाचा हिशोब बघा. पूर्ण मॅच २७०० गुणांची, म्हणजे २७० गोळ्या: ९० पॉइंट टूटूच्या (म्हणजे बॅरलचं माप ०.२२ इंच), ९० सेंटर फायरच्या (त्याहून मोठ्या मापाचं पिस्तूल), ९० पॉइंट फोर्टीफाइव्हच्या. बरेच जण सेंटर फायरलाही फोर्टीफाइव्हच वापरतात, म्हणजे एका मॅचला १८० बुलेट झाल्या. एक बुलेट २०० ग्रेनची, एका पौंडात ७००० ग्रेन, तर एका मॅचला पाच पौंडांवर शिसं, सव्वादोन किलोच्या वर! आणि प्रॅक्टिस वेगळीच.

पैसे वाचतात का, तर शिसं फुकट किंवा भंगाराच्या भावात मिळालं तरच. शिसं वितळवायचा पॉट, साचा, सायझर (बुलेट दाबून नेमक्या मापाची करायचं साधन) सगळं नवीन आणि शिसंही दुकानातून घ्यायचं असेल तर तयार कास्ट बुलेट विकत घेतलेल्या काय वाईट? मला विचाराल तर खरा फायदा मापाचा आहे. माझ्या बॅरलला जे माप लागतं तेच मी ओततो, दुकानदार सगळ्यांच्या बॅरलला एकच माप विकतो.

मी एच-वन-बी वर आहे, मला चालेल?

हा प्रश्न आपल्या लोकांनी सगळ्यात आधी विचारायला हवा आणि कोणीच विचारत नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावर, म्हणजे एच-वन, एच-फोर, एफ-वन सगळंच, फेडरल कायद्याने बंदूकही बाळगता येत नाही आणि अम्युनिशनही नाही. थोडे अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. आणि त्या कायद्यात अम्युनिशनच्या व्याख्येत नुसती बुलेटसुद्धा येते, म्हणजे "मी फक्त शिशाचे तुकडे ओतले" हे चालत नाही. ग्रीन कार्डची फाइल लागलेली असताना हौसेपायी रिस्क घेऊ नका, आधी वकिलाशी बोला. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर स्वतःच्या वापरापुरतं ओतायला फेडरल लायसन्स लागत नाही. पण धंदा म्हणून विकायला लागलात की लायसन्स लागतं, मित्राला "खर्चापुरते पैसे दे" म्हणताना हे लक्षात असू द्या. राज्याचे नियम आणखी वेगळे.

आणि भारतात? माझा भाऊ पुण्यात शूटिंग करतो.

भावाला सांगा नाद सोड. १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची मशिनरीसुद्धा अम्युनिशन धरली आहे, आणि विनापरवाना बनवणं हा गंभीर गुन्हा आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा आणखी कडक झाली. तसंही पॉइंट टूटूची काडतुसं कारखान्यातच होतात, घरी भरता येत नाहीत. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडला २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण मिळवलं तो इव्हेंट पॉइंट टूटूचाच. जसपाल राणांनी २००६ ला दोहामध्ये सेंटर फायरचं सुवर्ण घेतलं, त्या इव्हेंटच्या नियमात बुलेट शिशाची किंवा तशाच मऊ धातूची लागते, पण तिथेही बहुतेक जण कारखान्याची ३२ ची वॉडकटर (सपाट तोंडाच्या बुलेटची) काडतुसंच वापरतात.

शिसं आणता कुठून?

पूर्वी टायरवाल्याकडे बादलीभर व्हील वेट मिळायचे, चाक बॅलन्स करायला क्लिपने लावतात ते. त्यात साधारण ९५ टक्के शिसं, तीनेक टक्के अँटिमनी आणि कणभर कथील, म्हणजे पिस्तूलसाठी जवळजवळ तयार मिश्रण. आता कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा राज्यांत शिशाच्या वेटवर बंदी आहे आणि बाकीकडेही बादलीत जस्त आणि लोखंडच जास्त निघतं. माझी मुख्य खाण म्हणजे क्लबच्या रेंजवरचा मातीचा बांध. वर्षातून एकदा तो उकरून चाळतात, तेव्हा जो मदतीला जातो त्याला वाटा मिळतो. पाठ मोडते, पण शिसं मिळतं. वितळवताना तांब्याची जॅकेट वर तरंगतात, झाऱ्याने काढून टाकायची.

गाडीची बॅटरी मात्र फोडू नका. कोणी कितीही सांगो. त्या प्लेटमधून आर्सेनिकचा आणि अँटिमनीचा विषारी गॅस निघू शकतो.

व्हील वेटमधलं जस्त कसं ओळखायचं?

कटिंग प्लायरने चावा घ्या. शिसं असेल तर लोण्यासारखं रुततं, जस्ताला नुसता ओरखडा. काहींवर झेडएन असा शिक्काच असतो. शिसं ३२७ डिग्री सेल्सियसला वितळतं आणि जस्त ४१९ ला, म्हणून भंगार वितळवताना पॉट ३७० च्या आत ठेवला की जस्ताचे तुकडे वर तरंगत राहतात, काढून फेकायचे. थर्मामीटर न वापरता गॅस मोठा केलात आणि जस्त विरघळलं की सगळा माल दह्यासारखा दाटतो आणि साच्यात नीट भरतच नाही. माझा एकदा चाळीस पौंड माल असा वाया गेला, तो अजून गॅरेजच्या दाराला अडण म्हणून आहे.

बुलेट जितकी कडक तितकी चांगली ना?

नाही!! नवीन माणूस इथेच फसतो, मीही फसलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कडकपणा ५ च्या आसपास, क्लिपवाल्या व्हील वेटचा १० ते १२, लायमन नंबर दोन म्हणतात ते मिश्रण (९० शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी) १५, आणि जुन्या छापखान्यातल्या टाइपचा धातू म्हणजे लिनोटाइप २२. आता हे वाचून कोणालाही वाटणार की २२ वालंच घ्यावं. पण आमचा टार्गेट लोड सेकंदाला सात-आठशे फुटांनी जातो, अगदी निवांत. तेवढ्या दाबाला कडक बुलेट बॅरलमध्ये फुगून बसतच नाही, कडेने गरम गॅस निसटतो आणि शिसं वितळवून बॅरलला चिकटवतो. म्हणजे शिसं चिकटू नये म्हणून कडक केली, आणि त्यामुळेच चिकटलं. माझं पहिलं वर्ष ह्यातच गेलं, लिनोटाइप शोधून शोधून महाग घेतलं आणि रोज रात्री बॅरल घासत बसलो.

फोर्टीफाइव्हच्या टार्गेट लोडला ८ ते १२ भरपूर झाले. गरम बुलेट पाण्यात टाकून कडक करायची युक्ती पण आहे, अँटिमनी आणि थोडं आर्सेनिक असलेलं मिश्रण त्याने खरंच कडक होतं, पण आपल्याला ते नको. कथील एक-दोन टक्के घाला, साचा छान भरतो. हे तेच कथील जे कल्हईवाला नवसागर टाकून पातेल्याला फासायचा. महाग असतं, जपून. पेवटरचे जुने मग भंगारात दिसले तर उचला, ते बहुतेक कथीलच असतं.

मग माप किती ठेवायचं?

आधी स्वतःची बॅरल मोजा. पिस्तूल रिकामं आहे ना ते दोनदा बघा, बॅरल बाहेर काढा, तेल लावा, मऊ शिशाची गोळी लाकडी दांड्याने ठोकत आरपार काढा आणि मायक्रोमीटरने मोजा. व्हर्नियर चालणार नाही, इथे इंचाच्या हजाराव्या भागाची गोष्ट आहे. जे येईल त्यात एक हजारावा भाग मिळवा. साधारण फोर्टीफाइव्हला ०.४५१ येतं, बुलेट ०.४५२ ची. ३८ स्पेशलला ०.३५७ आणि बुलेट ०.३५८. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडरची तोंडंही मोजा, ती बॅरलपेक्षा बारीक असली तर मोठी बुलेट तिथेच दाबली जाऊन लहान होते आणि तुम्ही उगाच साच्याला शिव्या घालता.

साचा कोणता घेऊ?

पहिला साचा ली कंपनीचा ॲल्युमिनियमचा दोन खणांचा घ्या, स्वस्त आहे आणि लवकर गरम होतो. आकार २०० ग्रेन सेमी-वॉडकटर, हेन्सली अँड गिब्ज ह्या जुन्या साचेवाल्यांच्या ६८ नंबरच्या घराण्यातला. बुल्सआयवाले पिढ्यानपिढ्या हाच आकार मारतायत, कागदाला पंच मारल्यासारखं स्वच्छ भोक पडतं त्यामुळे रेषेला लागला की नाही ह्यावर भांडण होत नाही. ३८ ला १४८ ग्रेन वॉडकटर.

कुठे बसून ओतायचं, आणि अंगात काय?

किचनमध्ये नाही. परत एकदा, किचनमध्ये नाही. गॅरेजचं दार उघडं, पाठीमागून पंखा. सुती फुल शर्ट, जीन्स, चामड्याचे बूट, चामड्याचे ग्लोव्ह्ज, गॉगल. पॉलिस्टरचा टी-शर्ट घालू नका, तो वितळून कातडीला चिकटतो. चपला घालून उभे राहिलात तर एक दिवस नाचाल. जो चमचा, जो झारा, जो डबा ह्या कामाला लागला तो परत स्वयंपाकघरात जाणार नाही.

प्रत्यक्ष ओतायचं कसं?

पॉट ३५० ते ३८० डिग्रीच्या आसपास स्थिर होऊ द्या. तोपर्यंत साचा पॉटच्या कडेवर किंवा छोट्या हॉटप्लेटवर तापत ठेवा. मग पॉटचं तोंड साच्याच्या वरच्या प्लेटमधल्या भोकावर धरून खण भरायचे आणि त्या प्लेटवर शिशाचं चांगलं डबकं होऊ द्यायचं, इथे कंजूषपणा केला की बुलेटचा तळ भरत नाही, कारण थंड होताना शिसं आक्रसतं आणि वरच्या डबक्यातूनच खाली ओढून घेतं. आता डबक्याकडे बघत राहा. आधी आरशासारखं चमकत असतं, मग एकदम त्यावर धुकं आल्यासारखं मंद होतं. तो क्षण. अजून एक-दोन सेकंद थांबा आणि ग्लोव्ह घातलेल्या हाताने प्लेट सरकवा, कापलेला भाग गुळगुळीत दिसला तर वेळ बरोबर, शिसं फरफटलं असेल तर घाई झाली. साचा उघडा, घडी घातलेल्या जुन्या टॉवेलवर बुलेट पडू द्या. अडकली तर हँडलच्या बिजागरीवर लाकडी काठीने टकटक, साच्यावर कधीही ठोकू नका.

पहिल्या दहा-पंधरा बुलेट सुरकुतलेल्या येणार. पहिलं घावन कधी धड निघालंय का? परत पॉटमध्ये टाका आणि चालू ठेवा. एकदा साच्याला लय सापडली की मग मध्येच थांबून बुलेट कौतुकाने बघत बसू नका, साचा थंड होतो आणि परत सुरकुत्या. कौतुक नंतर.

सुरकुत्या तर जातच नाहीत. आणि कधी कधी पांढरट पण येतात.

सुरकुत्या म्हणजे साचा थंड, नाहीतर साच्यात तेल राहिलंय. डिश सोप आणि जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळवा. पांढरट, दव पडल्यासारखी दिसली तर साचा जरा जास्त गरम, वेग कमी करा, पण अशा बुलेट मारायला काही हरकत नाही. कडेला पातळ पापुद्रा आला तर साच्याच्या दोन फाळक्यांमध्ये शिशाचा कण अडकलाय. निवडताना नाकापेक्षा तळ बघा. बॅरलमधून बाहेर पडताना गॅस शेवटचा धक्का तळाला देतो, तळाची एक कड गोल असली की गोळी तिरकी जाते. नाकावर छोटी खोट असली तर २५ यार्डला कोणाला कळत पण नाही.

पाणी पडलं तर स्फोट होतो हे खरं आहे का?

खरं आहे आणि मी पाहिलंय. रात्रभर बाहेर राहिलेली शिशाची लगड मी सरळ भरल्या पॉटमध्ये सोडली, वरून कोरडी दिसत होती, खालच्या भेगेत थेंबभर ओल असणार. पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे पटीच्या वर फुगतं. कुकरची शिट्टी उडावी तसा आवाज झाला आणि अर्धा पॉट छताला. गॉगल होता म्हणून डोळे राहिले, मानेवर दोन डाग अजून आहेत. छतावरचे चंदेरी शिंतोडे मी मुद्दाम काढलेले नाहीत. तेव्हापासून नियम: लगड आधी पॉटच्या कडेवर तापवायची मगच आत, जवळपास पाण्याची बाटली नाही, घामाचा थेंब पण पडू द्यायचा नाही, आणि पाऊस असेल तर दाराजवळ काम नाही.

फ्लक्स म्हणजे काय आणि का?

तुम्ही कधी गुऱ्हाळात गेला असाल तर आठवा, काहिलीत रस उकळताना रानभेंडीचं पाणी घालतात, मळी वर येते, ती काढून टाकतात. तेच. इथे भेंडीऐवजी मूठभर कोरडा लाकडाचा भुसा नाहीतर मेणाचा तुकडा. भुसा जळून कोळसा होतो आणि वर जमलेल्या ऑक्साइडचं परत धातू करतो, विशेषतः कथील वाचतं, जे महागाचं आहे. ढवळा, तळ आणि कडा खरवडा, उरलेली राखाडी मळी काढा. मेण घातलं तर धूर होतो आणि भडका उडतो, काडीने आधीच पेटवून द्या. ती मळी मात्र साधी राख नाही, तिच्याबद्दल खाली.

ल्यूब लावू की पावडर कोट?

पारंपरिक म्हणजे बुलेटच्या खाचेत ल्यूब, म्हणजे वंगण: मधमाशीचं मेण आणि ॲलॉक्स नावाचं ग्रीस निम्मं-निम्मं. अचूकतेला काही कमी नाही, फक्त धूर होतो, हात चिकट होतात आणि रिलोडिंगची डाय बुळबुळते. पावडर कोट म्हणजे गेट-रेलिंगला मारतात तीच पॉलिस्टर पावडर. प्लास्टिकच्या डब्यात बुलेट, चमचाभर पावडर आणि एअरसॉफ्टचे (खेळण्यातल्या बंदुकीचे) काळे प्लास्टिकचे मणी घालून मिनिटभर खडखडवायचं, मग टोस्टर ओव्हनमध्ये २०० डिग्रीला वीस मिनिटं, आणि गार झाल्यावर सायझरमधून काढायचं कारण थराने माप वाढतं. तो ओव्हन कायमचा ह्याच कामाचा, त्यात पाव भाजायचा नाही. मी प्रॅक्टिसला कोट करतो आणि ५० यार्डच्या मॅचला अजून ल्यूबच. त्यामागे फार शास्त्र नाही, सवय आहे.

ग्लॉकमध्ये मारू का?

ग्लॉक कंपनी स्वतः त्यांच्या मूळ बॅरलमध्ये उघडं शिसं वापरू नका म्हणते. प्रश्न मिटला.

बॅरलमध्ये शिसं चिकटलंय, काय करू?

कुठे चिकटलंय ते बघा. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढे असेल तर बहुतेक बुलेट मापाला कमी आहे, तोंडाशी असेल तर ल्यूब पुरत नाहीये. काढायला जुन्या ब्रशवर तांब्याच्या घासणीचे धागे गुंडाळा, पण ती खरंच तांब्याची आहे का ते लोहचुंबकाने तपासा, मुलामा दिलेलं लोखंड बॅरल खरवडेल. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची युक्ती अजिबात नको, शिसं पाण्यात विरघळणारं विष होऊन हातात येतं.

शिशाच्या वाफेने विषबाधा होत नाही का?

शिसं उकळायला सतराशे डिग्रीच्या वर जावं लागतं, आपण चारशेच्या आत असतो, म्हणजे वाफेची भीती कमी. खरा धोका धुळीचा. मळीवरची राखाडी पूड, गॅरेज झाडल्यावर उडणारी धूळ, आणि तोच हात तोंडाला. चहा नाही, सिगरेट नाही, आणि तोंडात तंबाखूचा बार तर अजिबात नाही. कोरडा झाडू मारू नका, ओल्या कागदाने पुसा (अर्थात पॉट थंड झाल्यावर). मळी झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा हॅझार्डस वेस्टला, कचऱ्यात नाही. कपडे वेगळे धुवा.

दरवर्षी रक्त तपासा. माझं एकदा १४ मायक्रोग्रॅम आलं, तर डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं आयुर्वेदिक औषध घेता का, कारण नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म आणि देशी पेशंट म्हटलं की त्या ते विचारतातच. मी म्हटलं नाही हो, मी गोळ्या ओततो. त्या दोन मिनिटं गप्प. खरा दोषी निघाला कोरडा झाडू आणि हवा न खेळणारी इनडोअर रेंज, प्रायमरमध्येही शिसं असतं. दोन्ही बंद केल्यावर सात-आठ महिन्यांत ६ वर आलं. रक्तातलं असं उतरतं, हाडात गेलेलं वर्षानुवर्षं राहतं. घरात लहान मूल असेल किंवा बायको गरोदर असेल तर सरळ दोन-तीन वर्षं बंद ठेवा, विकतच्या कोटेड बुलेट मारा. ह्यावर मी वाद घालत नाही.

माझा स्कोर वाढेल का?

५० यार्डच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ३.३६ इंचाचं असतं, साडेआठ सेंटिमीटर, आमटीच्या वाटीएवढं. चांगली ओतलेली बुलेट त्यात सहज बसते. मी बसत नाही. दर उन्हाळ्यात कॅम्प पेरीला, लेक एरीच्या काठावर १९०७ पासून नॅशनल मॅचेस होतात तिथे, वारा सुटला की माझे स्लो फायरचे शॉट सात आणि आठमध्ये फिरतात आणि शेजारचे पंचाहत्तरीचे आजोबा तसल्याच ओतलेल्या बुलेटने दहा मोजतात. त्यांनी मला एकदाच सल्ला दिला: ट्रिगर. बुलेटबद्दल काही बोललेच नाहीत.

काम झाल्यावर पॉट रिकामा करायचा का?

नको. तळाला इंच-दीड इंच शिसं राहू द्या, पुढच्या वेळी लवकर वितळतं. बटण बंद करा, प्लग काढा, आणि साच्यात शेवटची भरलेली बुलेट तशीच ठेवून साचा गार होऊ द्या, लोखंडी असेल तर गंज कमी चढतो. पॉट पूर्ण घट्ट होईपर्यंत गॅरेज सोडू नका. मग थंड पाण्याने आणि साबणाने हात कोपरापर्यंत, आणि जेवणाचं नंतर बघा.